चौदाव्या दिवसापासून : दहशतवादी हल्ल्यात माणूस गमावलेल्या खान्देशातील एका गावाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणाबद्दल

ही कोणत्याही एका गावाची जशीच्या तशी हकिगत नाही. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून अशा प्रसंगांत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एका गावात आणून हे प्रकरण रचले आहे. गावाचे नाव, वर्ष आणि हल्ल्याचे ठिकाण दिलेले नाही. माणसांचा उल्लेख नात्याने किंवा कामाने केला आहे. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, आशा सेविका आणि भाऊबंदकीतली जाणती माणसे यांना पुढे कधी असा प्रसंग हाताळावा लागला, तर कोणत्या वळणावर काय निवडायचे असते हे कळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

पार्श्वभूमी

अहिराणी बोलणारे, नऊ हजार वस्तीचे गाव. कापूस, मका, पाण्याची सोय असलेल्यांची थोडी केळी. मंगळवारचा बाजार. पेठेच्या एका टोकाला मारुतीचे मंदिर, दुसऱ्या टोकाला मशीद, मध्ये पिंजारी गल्ली. गाद्या भरणारे, बांगड्यावाले, पंक्चरवाले बहुतेक याच गल्लीतले.

मे महिन्याच्या सुट्टीत गावातली दोन कुटुंबे राज्याबाहेर फिरायला गेली. पहिल्या कुटुंबात कृषी केंद्र चालवणारा त्रेचाळीस वर्षांचा शेतकरी, त्याची पत्नी, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. दुसऱ्यात त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि मित्राची पत्नी. पर्यटनस्थळी अतिरेक्यांनी गोळीबार केला. दुकानदार जागीच गेला, मित्राच्या पत्नीच्या दंडाला गोळी चाटून गेली, बाकी चौघे वाचले. वर्तमानपत्रांनी त्यांच्यासाठी ‘सुखरूप’ हा शब्द वापरला. तो किती अपुरा होता ते पुढे येईलच.

घरी मागे राहिली होती दुकानदाराची आई आणि चुलते. चुलत्यांना सारे गाव जिभाऊ म्हणते.

अडचण नेमकी काय होती

गावाला मरण नवीन नसते. दारावर (सांत्वनाला) जाणे, खांदा देणे, दहावा, तेराव्याची गंधमुक्ती हे सगळे न सांगता होते. पण या मरणात तीन गोष्टी वेगळ्या होत्या. बातमी घरच्यांच्या आधी गावाला कळली, तीही व्हिडिओसकट. दुःख एका घराचे असताना त्यावर पक्ष, वाहिन्या आणि संघटना असे अनेकजण हक्क सांगू लागले. आणि मारणारे हजार किलोमीटरवर असताना रागाला जवळचे दार हवे होते. ते पिंजारी गल्लीत सापडेल अशी चिन्हे दिसू लागली.

चौथी अडचण उशिरा दिसली. गाव तेरा दिवस जीव तोडून धावते आणि चौदाव्या दिवशी पेरणीच्या तयारीला लागते. त्यात गावाचा दोष नाही, जूनच्या तोंडावर शेत थांबत नाही. पण त्या घराला खरी गरज तेव्हाच सुरू होते.

पहिले बहात्तर तास

दुपारी साडेचारच्या सुमारास दुकानदाराच्या पुतण्याला मित्राचा फोन आला, “भाऊ गेला.” पुतण्याने जिभाऊंना सांगितले. आई ओट्यावर शेंगा निवडत होती.

तीन पर्याय होते. सरकारी दुजोरा येईपर्यंत गप्प बसायचे, ‘लागलंय, दवाखान्यात आहे’ म्हणून हळूहळू सांगायचे, किंवा लगेच स्पष्ट सांगायचे. भाऊबंदांनी दुसरा निवडला. हेतू चांगला होता, म्हातारीला रक्तदाबाचा त्रास होता. ‘पायाला लागलंय’ असे सांगितले. तिने देवाला मानता केली, शेजारणीला दुधाचा निरोप दिला, लेकाच्या खोलीतली गादी उन्हात टाकायला लावली. दरम्यान पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरत होता. पावणेनऊला शेजारच्या घरातल्या टीव्हीवर नाव आले आणि ते भिंतीपलीकडून तिच्या कानावर पडले. “मना आंडोर कथा शे, ते सांगा ना माले,” (माझा मुलगा कुठे आहे, ते सांगा ना मला) असे ती एकेकाला धरून विचारत राहिली. पुढे कित्येक महिने तिचा राग मारेकऱ्यांइतकाच घरातल्या माणसांवर होता. तिच्या लेखी सगळ्यांनी मिळून तिला चार तास फसवले होते.

प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचा फोन आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाची खात्री, एवढे हाती आले की सांगून टाकावे. सांगणारा एकच असावा आणि तिच्या विश्वासातली एक बाई शेजारी बसलेली असावी. ‘वारला’ हा शब्द उच्चारावा. प्राथमिक आरोग्य केंद्राची परिचारिका घरात बोलावून ठेवावी, पण तिच्या येण्यासाठी सांगणे लांबवू नये.

व्हिडिओचा बंदोबस्त ग्रामसेवकाने केला. गावाच्या चार मोठ्या ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे सेटिंग लावले आणि एकच संदेश ठेवला : व्हिडिओ पुसा, अंत्यविधीची वेळ येथेच कळवली जाईल. हे रात्री दहाला झाले. सहाला झाले असते तर दुकानदाराच्या मुलीपर्यंत तो व्हिडिओ तिच्या वर्गमैत्रिणीकडून पोहोचला नसता.

पार्थिव आणण्यासाठी शवविच्छेदन झाल्याचा कागद, देहाला औषध भरल्याचे प्रमाणपत्र, स्थानिक पोलिसांचे पत्र आणि बंद पेटी लागते. याशिवाय विमान कंपनी घेत नाही. हे तिथल्या प्रशासनाने केले. मुंबईहून पुढे चारशे किलोमीटरचा रस्ता होता. त्यासाठी जिभाऊंनी दोन वाहने मागितली, पेटीसाठी रुग्णवाहिका आणि घरच्यांसाठी वेगळी गाडी. नऊ तास पेटीशेजारी बसून मुलांनी यायचे नाही, हा त्यांचा आग्रह बिनतोड होता.

पुढचा प्रश्न होता चेहरा पाहण्याचा. जखम मानेला होती. मोठ्या चुलतभावाने आधी एकट्याने पाहिले आणि बाकीच्यांना काय दिसेल ते सांगितले : चेहरा ओळखू येतो, रंग काळपट झालाय, गळ्याशी पट्टी आहे. मग ज्याला पाहायचे त्याने पाहिले. शवविच्छेदनाचे टाके असल्याने अंघोळ घातली नाही, फक्त पाणी शिंपडले. हे आईला आधीच समजावले होते, म्हणून तिने हट्ट धरला नाही. मुलीला विचारले तेव्हा ती ‘हो’ म्हणाली आणि मावशीचा हात धरून पाहून आली. मुलाला मात्र कुणी विचारलेच नाही. त्याला शेजारच्या गल्लीत खेळायला पाठवले. पुढे दिवाळीपर्यंत तो सांगत होता की पप्पा तिकडच्या दवाखान्यात आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला मरण समजते. काय दिसेल ते सांगून ‘तुला यायचंय का?’ असे विचारायला हवे होते, आणि तो नको म्हणाला असता तर तेही मान्य करायला हवे होते.

अंत्ययात्रा : वेळ आणि वाट

पेटी पहाटे पाचला गावात आली. एका पुढाऱ्याच्या कार्यालयातून निरोप होता की साहेब बाराला पोहोचतात, तोवर थांबा. मे महिना, पारा चव्वेचाळीसच्या पुढे, तीन-चार हजार माणसे उघड्यावर. जिभाऊंनी एका वाक्यात विषय संपवला, “मयत कोनी वाट देखत नई.” साडेसातची वेळ ठरली. ट्रॅक्टरवरून पाण्याचे जार, दोन ठिकाणी मांडव, आशा सेविकांकडे ओआरएसची पाकिटे. तरी सात जणांना चक्कर आली. बारा वाजले असते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

वाटेचा निर्णय याहून अवघड होता. स्मशानाकडे जाणारी जुनी वाट पेठेतून, पिंजारी गल्लीच्या तोंडाशी आणि मशिदीसमोरून जाते. पोलिसांची सूचना बायपासने नेण्याची होती आणि ती काळजीपोटी होती. तरुणांचा एक गट मात्र पेठेतूनच, घोषणा देत आणि ध्वनिक्षेपकाची गाडी लावून नेण्यासाठी अडून बसला होता.

रात्री ग्रामपंचायतीत बैठक झाली. फौजदार, पोलीस पाटील, सरपंच, भजनी मंडळाचे बुवा, मशिदीच्या विश्वस्तांपैकी दोघे, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि जिभाऊ. बायपासने नेले तर घोषणा टळतात, पण ‘आपल्याच गावात आपल्या माणसाला नेहमीची वाट मिळाली नाही’ हा सल कायमचा उरतो, आणि उद्या तोच भडका होतो. पेठेतून न्यायचे तर बेभान गर्दीचा धोका. निवृत्त मुख्याध्यापकांनी एक आठवण काढली. धुळ्याहून तासाभराच्या अंतरावरच्या मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या शुक्रवारी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तेव्हा मेलेले बहुतेक नमाजाला आलेले होते. दहशतवादाने मेलेल्यांची आणि मारणाऱ्यांची ओळख आपण गल्लीवरून ठरवू नये, एवढेच ते बोलले. बैठकीतला आवाज त्यानंतर खाली आला.

ठरले ते असे : वाट जुनीच. ध्वनिक्षेपक नाही, झेंडा कुठलाच नाही. पुढे टाळ-मृदंगासह भजनी मंडळ, कारण अभंग चालू असताना मध्येच घोषणा देणे गावात कुणाला शोभत नाही. दोन्ही बाजूंना त्याच तरुणांचे कडे, घोषणांसाठी अडलेल्यांतलेच वीस जण, नावासकट. जबाबदारी दिली की माणूस सावध होतो, हे बुवांनी बरोबर ओळखले होते. पेठ अंत्यविधीपर्यंत बंद, पण ‘गाव बंद’ची हाक नाही, हाक दिली की ती मोडणाऱ्याला शोधले जाते.

पिंजारी गल्लीच्या तोंडाशी माणसे डोक्याला रुमाल बांधून उभी होती. पंक्चरवाल्याने खांदा दिला. दोन ठिकाणी घोषणा झाल्याच, पण कडे तुटले नाही.

बहिष्काराचा संदेश

प्रकरण इथे निवले असे वाटले, ते खरे नव्हते. तिसऱ्या दिवशी एक ध्वनिफीत फिरली : ‘त्या’ गल्लीतून खरेदी बंद. बोलणारा गावातला नव्हता.

सरपंचांसमोर तीन मार्ग होते. दुर्लक्ष करणे, लगेच गुन्हा नोंदवणे, किंवा आधी घरच्यांना बोलते करणे. गटांत वैर वाढवणाऱ्या आणि अफवा पसरवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आणि ३५३ आहेत. ध्वनिफीत पोलिसांना दिली गेली, ते योग्यच होते. पण गावात परिणाम झाला तो पाचव्या दिवशी, जेव्हा दुकानदाराच्या पत्नीने दहाव्यासाठी लागणाऱ्या गाद्या नेहमीच्याच पिंजाऱ्याकडून मागवल्या. तिने कोणतेही भाषण केले नाही; कुणी तिच्या तोंडी एकीचा संदेश घालण्याचा प्रयत्न केला, तो जिभाऊंनी थांबवला. शोकात बुडालेल्या बाईवर गाव शांत ठेवण्याची जबाबदारी टाकणे हा अन्यायच आहे. तिने जे केले ते स्वतःहून, आणि तेवढेच वापरावे.

तरीही तीन आठवडे त्या गल्लीत गिऱ्हाईक निम्म्याहून कमी होते. बाजारात बसणारी बांगडीवाली बाई दोन महिने आलीच नाही. ध्वनिफितीनंतर लगेच चार-पाच ओळखीच्या घरांनी ठरवून तिथे खरेदी केली असती, तर फरक पडला असता. सभेतल्या भाषणांनी दुकान चालत नाही.

तेरा दिवस

गावाची ताकद इथे दिसली. घरात चूल पेटत नव्हती. कोणत्या गल्लीने कोणत्या वेळी पिठलं-भाकर, खिचडी, चहा आणायचा याची पाळी बायकांनी परस्पर लावली. रात्री झोपायला दोन बायका आईपाशी, दोन पत्नीपाशी. दिवे-पाणी, भांडी, जनावरांची वैरण यांची आठवण कुणाला करून द्यावी लागली नाही. संकटानंतर माणसाला आधी काय हवे याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभा तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. या बायकांनी ती वाचली नव्हती, पण पहिले दोन त्या करतच होत्या. तिसरे, म्हणजे योग्य ठिकाणी जोडून देणे, तेवढे राहिले.

काही गोष्टी नव्याने ठरवाव्या लागल्या. दारावर येणाऱ्यांत गाड्यांचे ताफे होते. प्रत्येक पुढाऱ्यासाठी पत्नीला बाहेर बोलावले जाई, कॅमेऱ्यासमोर तिचे रडणे पुन्हा सुरू होई. चौथ्या दिवशी नियम झाला : भेट सकाळी नऊ ते अकरा, बसायचे ओट्यावर, पत्नी आणि मुले बाहेर येणार नाहीत, छायाचित्र घरात नाही. पदवीधर पुतण्याने एक दोनशेपानी वही ठेवली. कोण आले, कोणत्या पदावर, काय द्यायचे म्हणाले, स्वीय सहायकाचा क्रमांक काय. आश्वासन देणाऱ्यासमोरच ते लिहिले जाई. त्या वहीने पुढे सहा महिने काम दिले.

बांगड्यांचा प्रश्न दहाव्याला आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतरांना तसे करायला सुचवले. या गावाने ठराव केलेला नव्हता. चुलतसासूने पत्नीला एकटीला आत नेऊन विचारले. ती म्हणाली, “मंगळसूत्र मी काढीन, मला वाटेल तेव्हा. हात कुणी लावू नका.” चुलतसासूने बाहेर येऊन तेवढेच सांगितले. दोन वयस्क बायका रुसून गेल्या, एक महिन्याने परत आल्या.

झोपेच्या गोळ्यांची चूक मात्र झाली. झोप लागावी म्हणून मेडिकलवरून आणलेल्या गोळ्या पत्नीला आणि वाचलेल्या मित्राला पंधरा दिवस चालू होत्या. नुकत्याच दुःखात असलेल्यांना अशी शामक औषधे देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३ चे मार्गदर्शन सांगते; सवय लागते आणि दुःख तिथल्या तिथे राहते. न झोपणे, न जेवणे, मध्येच त्याचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटणे, हे पहिल्या आठवड्यांत आजार नसतात.

चौदावा दिवस आणि पुढे

गंधमुक्तीच्या दुसऱ्या दिवशी मांडव सुटला. त्याच दिवशी सहल कंपनीकडून राहिलेल्या बॅगा आल्या. एका बॅगेत त्याने तिथे घेतलेल्या चार लोकरी टोप्या होत्या, किमतीच्या चिठ्ठीसकट, आणि त्याचा फोन. फोन चार्जिंगला लावताच तेरा दिवसांचे संदेश एकामागून एक वाजत राहिले : बियाणे कधी येणार, उधारी किती झाली, भाऊ फोन उचला. घरात तेव्हा पत्नी, सासू आणि मुले एवढीच होती. बॅगा कुणासमोर, कधी उघडायच्या हे ठरवायला हवे होते. त्या दोन दिवस जिभाऊंकडे ठेवता आल्या असत्या.

पुढे काही दिवसांनी, आशा सेविकेच्या पुढाकाराने, पाच जणांचा गट झाला : ती स्वतः, निवृत्त तलाठी, मुख्याध्यापक, पुतण्या आणि पत्नीची थोरली बहीण. काम वाटून घेतले.

कागदपत्रांचा भार तलाठी आप्पांनी उचलला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या निबंधकाकडे होते, गावच्या ग्रामपंचायतीत नाही; हे न कळल्याने पहिला आठवडा ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्यात गेला. मूळ दाखल्याच्या दहा प्रती तिथूनच मागवाव्यात. सोबत प्रथम खबरीची प्रत, शवविच्छेदन अहवाल, आधार, रेशनकार्ड. आधारवर आणि सातबाऱ्यावर आडनावातली एक वेलांटी वेगळी होती. त्यापायी चार महिने गेले. पहिल्याच दिवशी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर जुळवले असते, तर एका प्रतिज्ञापत्रात भागले असते.

मदत एका खिडकीतून येत नाही. दहशतवादी हिंसेत बळी पडलेल्या नागरिकांच्या कुटुंबासाठी केंद्र सरकारची योजना आहे. तिची रक्कम ५ लाख रुपये आहे आणि अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. राज्याची मदत त्या त्या वेळी मंत्रिमंडळ जाहीर करते. एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर महाराष्ट्राने मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ५० लाख रुपये जाहीर केले होते. प्रत्येक घटनेत तेवढेच मिळेल असे कुटुंबाला सांगू नये. मयत शेतकरी असल्याने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून २ लाखांचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करता आला. तिथे मुदत ३० दिवसांची आहे आणि तो अर्ज अठ्ठाविसाव्या दिवशी पोहोचला. पासबुकात वर्षाला ४३६ आणि २० रुपये कापल्याची नोंद सापडली, म्हणजे बँक खात्यातून हप्ता जाणारे प्रधानमंत्री जीवनज्योती आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा दोन्ही चालू होते. घरात कुणालाच माहीत नव्हते. पासबुक आधी बघा, हे आम्ही प्रत्येक गावाला सांगू.

पैसे येऊ लागले तसे सल्ले देणारे वाढले. ‘एवढी रक्कम बाईच्या खात्यावर कशाला’ हा सूर भाऊबंदकीतून निघाला. बहिणीने आणि आप्पांनी बँक व्यवस्थापकासमोर पत्नीच्या एकटीच्या नावाने खाते उघडून दिले, मुलांच्या नावे मुदत ठेवी केल्या. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क वेगळा असतो, हे सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचून दाखवले. वारस नोंद तलाठ्याकडे लगेच दिली.

दुकानाची उधारी वहीत होती, निम्मी त्याच्या डोक्यात. दहाव्याला ती मागायची नाही असे ठरले. नंतर पुतण्याने घरोघरी जाऊन वहीतला आकडा दाखवला, “कापूस विकला की द्या,” असे म्हणून सही घेतली. डोक्यातली उधारी काही जणांनी स्वतःहून सांगितली. परवाना मयताच्या नावाचा असल्याने खरिपात दुकान उघडता आले नाही. साठा कंपनीला परत गेला. परवान्याचा अर्ज जूनमध्येच करायला हवा होता, तो सप्टेंबरमध्ये झाला.

शाळा

मुले परत येण्याच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक दोन्ही वर्गांत बसले. काय झाले ते सोप्या शब्दांत सांगितले, काय विचारू नये तेही. बाक तोच ठेवला. मुलाला तास चालू असताना बाहेर जाऊन पाणी पिऊन यायची मुभा दिली, कारण विचारायचे नाही. चूक झाली १५ ऑगस्टला. मुलीला मंचावर बोलावून सत्कार करायचा बेत तिला न विचारता ठरला. आदल्या संध्याकाळी तिने आईला सांगितले की मी शाळेतच येणार नाही. कार्यक्रम रद्द झाला. पुढच्या २६ जानेवारीला तिला विचारले, तिने नको म्हटले, आणि विषय तिथेच संपला.

वाचलेला मित्र

गावाने सगळ्यात जास्त दुर्लक्ष ज्याच्याकडे केले, तो हा माणूस. त्याच्या घरातले कुणी दगावले नव्हते, म्हणून दारावर कुणी आले नाही. येत ते ऐकायला. दिवसातून वीस-तीस वेळा तोच प्रसंग सांगायचा, आणि शेवटी एखादा विचारायचा, “तुम्ही कसे वाचलात मग?” त्याने कपाशीच्या शेतावरच्या खोलीत राहायला सुरुवात केली. लग्नसराईच्या फटाक्यांनी तो जमिनीवर झोकून देई. पिणे वाढले.

असा प्रसंग एका बैठकीत सविस्तर ‘मोकळा करून’ घेण्याचा उपाय पूर्वी सुचवला जाई. आता तो करू नये असेच मार्गदर्शन आहे. त्याला हवे तेव्हा, हवे तेवढे बोलू द्यावे. शिवाय तो साक्षीदार होता. त्याचा जबाब तपास यंत्रणेकडे होणार असताना वाहिन्यांना वेगवेगळ्या तपशिलांनी सांगत राहणे खटल्यालाही घातक, हे फौजदारांनी समजावले आणि त्या निमित्ताने त्याला ‘बोलता येत नाही’ म्हणायची सोय झाली.

एक महिना उलटूनही तीच दृश्ये, तीच दचक, तेच टाळणे चालू असेल, तर ते उपचाराची गरज असल्याचे लक्षण मानावे. हे आशा सेविकेला माहीत होते. तिने १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) क्रमांकावर त्याच्यासमोर फोन लावला. स्पीकर चालू, पहिली दोन मिनिटे तीच बोलली. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागापर्यंत तो सातव्या आठवड्यात पोहोचला. उपचार मराठीतून, दर पंधरा दिवसांनी. एसटीने जाताना पत्नी सोबत जाई, तिच्या दंडाची जखमही तिथेच दाखवली. पोळ्यापर्यंत तो गावात राहायला आला. लग्नाच्या वरातीत त्याच्या गल्लीत फटाके वाजवायचे नाहीत हे तरुणांनी स्वतः ठरवले, ते बहुतेक पाळले गेले.

पहिली आखाजी

खान्देशात वर्षभरात गेलेल्याची पहिली घागर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भरतात. आईला घरी सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलवायचे होते. पत्नीला त्या दिवशी माहेरी जायचे होते. आखाजीला लेक माहेरी जाते, आणि तिला त्या दिवशी सासरच्या गर्दीत बसणे झेपणार नव्हते. दोघींचे बरोबर होते. पर्याय निघाला जिभाऊंकडून : घागर सकाळी आठला, घरच्या पाच-सहा माणसांत. आगारी, म्हणजे निखाऱ्यावरचा नैवेद्य, टाकायला मुलगा. त्यानंतर पत्नी आणि मुले माहेरी, आईचे पाहुणे दुपारी. मुलाने निखाऱ्यावर तूप सोडले, धूर वर गेला, आणि त्याने आजीला विचारले, “पप्पा मेले ना?” आजी म्हणाली, “हो.” घरात हा शब्द त्याच्याशी पहिल्यांदा बोलला गेला.

परिणाम

वर्षअखेर पत्नीने कृषी केंद्राचा परवाना स्वतःच्या नावे मिळवला आणि पुतण्याच्या मदतीने रब्बीचे बियाणे विकले. उधारीतला मोठा भाग आला, काही कायमचा गेला. आई अजून दिवसातून दोनदा लेकाच्या खोलीत जाऊन बसते. त्याला आजार म्हणायची घाई कुणी केलेली नाही. सहा महिन्यांनंतरही जगणेच थांबवून टाकणारे दुःख असेल तर तज्ज्ञाला दाखवावे, पण ती जेवते, शेजारी जाते, नातवाला रागावते. पिंजारी गल्लीतले व्यवहार सुरळीत आहेत. बांगडीवाली परत आली, पण आधीच्या जागेवर बसत नाही.

खटला चालू आहे. ‘आरोपी सापडले की जीव शांत होईल’ असे कुटुंबाला सांगणाऱ्यांना गटाने थांबवले. २००६ च्या मालेगाव स्फोटांत आधी पकडलेल्या नऊ जणांना दहा वर्षांनी दोषमुक्त केले गेले. २००८ च्या स्फोटातले सर्व आरोपी ३१ जुलै २०२५ ला सुटले. मुंबईच्या २००६ च्या लोकल स्फोटांत उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली ती एकोणीस वर्षांनी. न्यायासाठी झगडावे, प्रत्येक तारखेला कुणीतरी जावे, पण घराचे उभे राहणे त्या निकालाला बांधू नये.

वेगळे काय करता आले असते

वर ठिकठिकाणी आले आहे, त्यातले दोन पुन्हा सांगण्यासारखे आहेत. पाच जणांचा गट मांडव सुटल्यानंतर झाला. तो तिसऱ्या दिवशीच नेमून, चौदाव्या दिवसापासूनची पाळी आधीच कागदावर लिहायला हवी होती. जेवणाची पाळी सगळे लावतात, बुधवारी दुपारी कोण येऊन बसणार याची कुणी लावत नाही. आणि मित्राचे घर पहिल्या दिवसापासून शोकाचेच घर मानायला हवे होते. तिथेही चहा जायला हवा होता.

स्मारकाची मागणी लगेच आली, प्रवेशद्वाराच्या कमानीची. ग्रामसभेने वर्षश्राद्धापर्यंत कायमचे काही बांधायचे नाही असा ठराव केला, आणि तो या प्रकरणातल्या उत्तम निर्णयांपैकी एक आहे. वर्षानंतर पत्नीला विचारले, तेव्हा तिने कमानीबद्दल काही सांगितले नाही. बसस्टँडवरचा श्रद्धांजलीचा फलक काढा, एवढेच म्हणाली. तेरा महिने तो तिथेच होता. उन्हाने चेहरा पांढरा पडला होता, एक कोपरा सुटून वाऱ्याने फडफडत होता, आणि मुले रोज त्याच स्टँडवरून शाळेची बस पकडत होती. काढला तर अपमान होईल या भीतीने कुणी हात लावला नव्हता. ज्या तरुणांनी तो लावला होता, त्यांनीच एका सकाळी बस यायच्या आधी तो उतरवला, घडी घातली आणि जिभाऊंच्या हाती दिला. आता गावात असा फलक लावताना मागच्या बाजूला उतरवण्याची तारीख लिहितात.